मोटरच्या वाइंडिंगला वॉर्निश देताना: स्लॉटच्या आतपर्यंत पोहोचणारे काम

नव्याने भरलेल्या स्टेटरकडे, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागाकडे, पाहिले की त्याच्या लोखंडी कोअरमधील खाचा, म्हणजे स्लॉट, तांब्याने ठासून भरले आहेत असे वाटते. पण गोल तारा शेजारी शेजारी कितीही नीट बसवल्या, तरी भूमितीच्या हिशेबाने निदान ९ टक्के जागा मोकळी राहतेच, आणि हाताने भरलेल्या वाइंडिंगमध्ये, जिथे तारा एकमेकींना ओलांडत जातात, ती याहून बरीच जास्त असते. या मोकळ्या जागेत हवा असते. वॉर्निश देण्याचा सगळा खटाटोप त्या हवेसाठी आहे. ती बाहेर काढायची आणि तिच्या जागी भाजल्यावर घट्ट होणारे रेझिन बसवायचे. कॉइलच्या टोकांवर दिसणारी तुकतुकीत चमक ही या कामाची फार थोडी खूण आहे. आत वॉर्निश पोहोचले की नाही हे त्या चमकेवरून कळत नाही, आणि माझ्या मते कामात सर्वांत जास्त फसगत याच चमकेमुळे होते.

हवा काढून तिथे रेझिन बसवल्याने काय साधते, हे आधी स्पष्ट असावे, कारण पुढच्या प्रत्येक पायरीचे कारण त्यातच आहे. पहिली गोष्ट उष्णतेची. स्थिर हवेतून उष्णता फार कमी वाहते. साध्या रेझिनमधून ती हवेच्या सात-आठ पट सहज वाहते, त्यामुळे तारेत निर्माण झालेली उष्णता लोखंडी कोअरपर्यंत लवकर पोहोचते आणि वाइंडिंग थंड राहते. दुसरी गोष्ट कंपनाची. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर तारांवर येणारे चुंबकीय बल सेकंदाला १०० वेळा वाढते आणि कमी होते. सुट्या तारा त्या तालावर एकमेकींवर घासत राहतात आणि काही महिन्यांत एनॅमल, म्हणजे तारेवरचा पातळ विद्युतरोधक थर, झिजवतात. मोटर सुरू होताना प्रवाह नेहमीच्या सहा-सात पट असतो, तेव्हा हे बल आणखी कितीतरी पटींनी वाढलेले असते. तिसरी गोष्ट ओलाव्याची, धुळीची आणि रसायनांची. मोकळी फट राहिली की तीतून दमट हवा आत शिरते आणि मोटर थंड झाल्यावर तिथेच थांबते.

विद्युतरोधाचे मुख्य काम मात्र तारेवरचे एनॅमल आणि स्लॉटमधील इन्सुलेशन पेपर करतात. वॉर्निश त्यांना आधार देते. तार भरताना एनॅमल खरवडले गेले असेल किंवा दोन फेजच्या कॉइलमध्ये कागद घालायचा राहिला असेल, तर वॉर्निशने ती चूक झाकली जाते, दुरुस्त होत नाही.

कोणते वॉर्निश घ्यावे

वाइंडिंगला वॉर्निश द्यावेच का, हा प्रश्न आधी विचारावा, कारण काही मोटरींना ते देऊ नये. पाण्याने भरलेल्या, बोअरवेलमध्ये बुडवून चालवायच्या मोटरींची तार पीव्हीसी किंवा पॉलिस्टर-पॉलीप्रॉपिलीनच्या वेष्टनाची असते. तिचे वाइंडिंग पाण्यातच थंड व्हायचे असते, आणि ओव्हनमध्ये ठेवल्यास ते वेष्टनच खराब होते. फ्रीज आणि एअर कंडिशनरच्या बंद कॉम्प्रेसरमधील वाइंडिंगचा शीतकाशी आणि तेलाशी थेट संबंध येतो. तिथे साधे वॉर्निश विरघळून किंवा सुटून बारीक नळ्या तुंबवते, म्हणून शीतकाशी जुळणारे म्हणून प्रमाणित केलेलेच द्रव्य वापरावे लागते.

उरलेल्या मोटरींसाठी निवडीची पहिली कसोटी उष्णता-वर्गाची. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ए वर्ग १०५ अंश सेल्सिअसचा, ई १२० चा, बी १३० चा, एफ १५५ चा आणि एच १८० चा आहे. मोटरच्या पाटीवर एफ लिहिलेले असेल, तर तार, कागद, स्लीव्ह, बांधणीची दोरी, लीडची (जोडणीसाठी बाहेर काढलेली) वायर आणि वॉर्निश हे सगळेच निदान एफ वर्गाचे हवे. संपूर्ण रचनेचा दर्जा तिच्यातील सर्वांत दुबळ्या घटकावर ठरतो, त्यामुळे एच वर्गाची तार वापरून त्यावर बी वर्गाचे वॉर्निश दिल्यास तारेवरचा जादा खर्च बहुतांशी वाया जातो. कार्यतापमान १० अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा जुना ढोबळ नियम इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दुसरी कसोटी वॉर्निशच्या घडणीची. द्रावकयुक्त वॉर्निशमध्ये वजनाच्या निम्म्याच्या आसपास झायलीनसारखा द्रावक असतो. ते पातळ असते, बारीक फटींत सहज शिरते आणि हाताळायला सोपे असते. पण भाजताना द्रावक उडून जातो आणि त्याने व्यापलेली जागा पुन्हा रिकामी होते. म्हणूनच अशा वॉर्निशचे दोन हात द्यावे लागतात. द्रावकरहित रेझिन, म्हणजे असंपृक्त पॉलिस्टर, पॉलिस्टरइमाइड किंवा इपॉक्सी, आत गेले तितके जवळजवळ सगळे तिथेच घट्ट होते आणि एका हातातच चांगली भर मिळते. मात्र त्याची टाकी सांभाळणे अवघड असते आणि तापमानात चूक झाली तर अख्खी टाकी गोठू शकते. पाण्यावर आधारित वॉर्निशही मिळते. त्यात आगीचा धोका कमी असतो, पण पाणी पूर्णपणे घालवण्यासाठी भाजण्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

हवेत सुकणारे, ब्रशने किंवा स्प्रेने मारायचे लाल वॉर्निश अनेक जण वाइंडिंगवर मारून मोकळे होतात. ते भाजलेल्या वॉर्निशवरून शेवटचा संरक्षक थर म्हणून चांगले आहे. पण केवळ त्यावर भिस्त ठेवून नवी मोटर चालू करू नये. ते वरच्या तारांच्या पलीकडे फारसे जात नाही, आणि वरची साय लवकर वाळल्याने आतला द्रावक महिनोन् महिने अडकून राहतो.

निवडलेल्या वॉर्निशचे तांत्रिक पत्रक हाताशी असल्याशिवाय काम सुरू करू नये. पुढे दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. पत्रकात वेगळे सांगितले असेल तर पत्रकाचेच मानावे.

बुडवण्याआधीची तयारी

वॉर्निश एकदा भाजून घट्ट झाले की कॉइल हलवता येत नाही, सांधा उघडता येत नाही आणि चुकलेली जोडणी काढायची तर बरेच काही तोडावे लागते. म्हणून सगळ्या चाचण्या आधी उरकाव्यात. तीनही फेजचा रोध मोजावा आणि ते एकमेकांशी जुळतात का पाहावे. जोडणी आणि कॉइलच्या दिशा तपासाव्यात. ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, प्रत्येक फेज कोअरशी आणि दुसऱ्या फेजशी तपासावा. सर्ज टेस्टर (कॉइलला व्होल्टेजचे क्षणिक ठोके देऊन तपासणारे यंत्र) उपलब्ध असेल तर तोही लावावा, कारण एकाच कॉइलमधील दोन फेऱ्यांतला दोष मेगर दाखवू शकत नाही.

कॉइलच्या टोकांची बांधणी या वेळी घट्ट असावी. सैल बांधणी वॉर्निशने घट्ट होईल, ही अपेक्षा करू नये, कारण वॉर्निश भाजेपर्यंत सैल तार आपली जागा सोडते आणि मग त्याच चुकीच्या जागी चिकटून बसते. लीडच्या वायरीचे वेष्टन तपासावे. साधी पीव्हीसीची वायर भाजण्याच्या तापमानाला मऊ होऊन विरूप होते. तिथे फायबरग्लास किंवा सिलिकॉन रबरच्या वेष्टनाची, त्या वर्गाची वायर लागते. थर्मिस्टर किंवा थर्मल स्विच बसवायचे असतील तर ते आताच कॉइलमध्ये बांधावेत आणि ते भाजण्याचे तापमान सहन करतात याची खात्री करून घ्यावी.

त्यानंतर स्वच्छता. तेल, ग्रीस, लोखंडाचा कीस, कागदाचे कपटे हे सगळे काढावे. सिलिकॉनचे ग्रीस किंवा स्प्रे वॉर्निशच्या जवळपास वापरू नये. त्याचा पुसटसा अंश असला तरी वॉर्निश त्या जागेवर पसरत नाही आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आट्यांच्या भोकांत जुने बोल्ट घालावेत, लीडची टोके आणि लग टेपने गुंडाळावेत, आणि फ्रेममध्ये घट्ट बसणारा कोअरचा बाहेरचा पृष्ठभाग तसेच झाकणे बसण्याच्या कडा झाकून घ्याव्यात. या कडांवर वॉर्निशचा थर चढला तर झाकण वाकडे बसते, आणि कोअर व फ्रेम यांच्या मध्ये चढला तर उष्णता बाहेर जाण्याचा मार्गच अडतो.

आधीची भाजणी

या पायरीला सर्वांत कमी मान मिळतो, आणि वॉर्निश आत पोहोचणार की नाही हे बहुतेक वेळा इथेच ठरते. स्टेटर ११० ते १२० अंश सेल्सिअसवर काही तास तापवावा. लहान स्टेटरला दोन-तीन तास पुरतात, मोठ्याला रात्रभर लागू शकते. याची तीन कारणे आहेत. कागद आणि दोरी हवेतला ओलावा शोषून घेतात, आणि तो आत असताना वॉर्निश दिले तर ओलावा कायमचा कोंडला जातो. दुसरे कारण एनॅमलचे. तार वाकवताना आणि ओढताना एनॅमलमध्ये ताण राहतो, आणि अशा ताणलेल्या एनॅमलला द्रावक लागला की त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडू शकतात. तापवल्याने हा ताण सैल होतो. तिसरे म्हणजे कोमट तांब्याला भिडलेले वॉर्निश आतल्या आत पातळ होऊन केशाकर्षणाने अरुंद फटींत ओढले जाते.

इथे एक चूक वारंवार होते. ओव्हनच्या काट्याने ११० दाखवले की घड्याळ लावले जाते, पण तो आकडा ओव्हनमधील हवेचा असतो. लोखंडाचा मोठा कोअर ते तापमान गाठायला कितीतरी अधिक वेळ घेतो. वेळ मोजायची ती वाइंडिंगने तापमान गाठल्यापासून. कॉइलच्या टोकात थर्मोकपल खोचून ठेवले तर हे नेमके कळते. थर्मोकपल नसेल तर तांब्याचा रोधच तापमापकाचे काम करतो. थंड असताना रोध आणि तापमान दोन्ही लिहून ठेवावेत. मग गरम रोधाला थंड रोधाने भागावे, येणाऱ्या संख्येला थंड तापमान अधिक २३४.५ या बेरजेने गुणावे आणि त्यातून २३४.५ वजा करावेत. उदाहरणार्थ, २० अंशांवर एका फेजचा रोध २ ओहम असेल, तर ११० अंशांवर तो साधारण २.७१ ओहम व्हायला हवा. २.५ ओहम दिसत असेल तर वाइंडिंग अजून ८४ अंशांच्या आसपासच आहे, ओव्हनचा काटा काहीही म्हणो.

ओलावा गेला की नाही, हे मेगर सांगतो. ओव्हनमध्ये असतानाच, पुरवठ्यापासून पूर्ण सुटी असलेली लीड बाहेर काढून दर अर्ध्या तासाने वाचन घ्यावे आणि कागदावर मांडावे. सुरुवातीला इन्सुलेशनचा रोध खाली जातो, कारण तापमान वाढते आहे आणि ओलावा बाहेर निघण्यासाठी हलला आहे. नवशिक्या माणसाला इथे धडकी भरते. मग रोध काही काळ तळाशी रेंगाळतो, नंतर चढू लागतो, आणि शेवटी स्थिर होतो. त्याच तापमानाला लागोपाठ तीन-चार वाचने सारखी आली की वाळवण पूर्ण झाली असे समजावे. पाण्यात भिजलेल्या मोटरच्या बाबतीत तर ही नोंद ठेवल्याशिवाय पुढे जाऊच नये.

बुडवणे

ओव्हनमधून काढलेला स्टेटर लगेच टाकीत सोडू नये. १०० अंशांच्या पुढचा लोखंडी गोळा द्रावकात गेला की वाफेचा लोट उठतो, टाकीतील वॉर्निश दाट होते, आणि आग लागण्याची खरीखुरी भीती असते. द्रावकरहित रेझिन असेल तर कोअरला लागलेले रेझिन तिथेच गोठू लागते आणि पुढचे रेझिन आत जायचे दार बंद होते. म्हणून वाइंडिंग ५० ते ६० अंशांपर्यंत निवू द्यावे. पण पूर्ण थंडही होऊ देऊ नये, कारण थंड वाइंडिंग हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेते आणि तासन् तास केलेली वाळवण व्यर्थ जाते.

टाकीतील वॉर्निशचा दाटपणा रोज तपासावा. फोर्ड कप क्रमांक ४ सारखा, तळाशी ठरावीक छिद्र असलेला पेला वॉर्निशने भरावा आणि तो रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजावे. पत्रकात दिलेल्या सेकंदांशी हे जुळले पाहिजे, आणि जुळवताना वॉर्निशचे तापमान पत्रकातले असावे, कारण थंडीत तेच वॉर्निश बरेच दाट वाटते. दाट असेल तर त्याच वॉर्निशसाठी सांगितलेले थिनर थोडे थोडे घालून ढवळावे. मिळेल ते थिनर ओतल्यास रेझिन फुटून गाठी होतात. दाट वॉर्निश आत शिरत नाही, आणि फार पातळ केलेले वॉर्निश आत जाते पण निथळताना पुन्हा बाहेर येते.

स्टेटर उभा, म्हणजे त्याचा पोकळ भाग वरखाली राहील असा टांगावा आणि हळूहळू बुडवावा. वॉर्निश खालून वर चढत गेले की पुढे ढकललेली हवा वरच्या टोकातून निघून जाते. झपाट्याने बुडवल्यास दोन्ही टोके एकदमच बंद होतात आणि मधल्या स्लॉटमधील हवा अडकते. वरच्या कॉइल निदान दोन-तीन बोटे वॉर्निशखाली राहाव्यात. मग बुडबुडे पाहत थांबावे. ते येईनासे होईपर्यंत स्टेटर हलवू नये. सहसा १५ ते ३० मिनिटे लागतात, पण घड्याळापेक्षा बुडबुड्यांवर विश्वास ठेवावा. शेवटचा बुडबुडा फुटल्यावरही पाच मिनिटे थांबणे मला शहाणपणाचे वाटते.

वर काढतानाही तीच संथ गती ठेवावी, म्हणजे जादा वॉर्निश एकसारखे ओघळून जाते. नंतर टाकीवरच जाळीवर ठेवून अर्धा तास ते तासभर निथळू द्यावे. स्टेटरच्या आतल्या गोल पृष्ठभागावरचे वॉर्निश ओले असतानाच थिनर लावलेल्या फडक्याने पुसून घ्यावे. लहान मोटरमध्ये आत फिरणारा रोटर आणि स्टेटर यांच्यातील फट बहुधा अर्ध्या मिलिमीटरहून कमी असते, आणि भाजून घट्ट झालेला एखादा ओघळ रोटरला घासायला पुरेसा ठरतो. ओले पुसायला पाच मिनिटे लागतात, तर भाजल्यावर खरवडायला तास लागतो आणि खरवडताना स्लॉटच्या तोंडाचे कागद फाटण्याची भीती वेगळीच.

वॉर्निश भाजणे

निथळलेला स्टेटर थेट पूर्ण तापमानाच्या ओव्हनमध्ये ठेवणे ही दुसरी मोठी चूक. वरचा थर क्षणात वाळून त्याची साय धरते, आतला द्रावक तिच्याखाली उकळतो, आणि फोड येतात. काही फोड फुटून बारीक छिद्रे राहतात, काही तसेच राहतात आणि आतले वॉर्निश चिकटच राहते. त्यामुळे आधी ७० ते ८० अंशांवर तास-दोन तास ठेवून द्रावक निघून जाऊ द्यावा, आणि मग तापमान हळूहळू वाढवावे. अनेक द्रावकयुक्त वॉर्निशांसाठी अंतिम भाजणी १२० ते १५० अंशांच्या दरम्यान, चार ते आठ तास असते. इथेही वेळ वाइंडिंगने तापमान गाठल्यापासून मोजावी. द्रावकरहित रेझिनची गोष्ट उलट आहे. ते जास्त वेळ कोमट ठेवले तर पातळ होऊन ओघळून जाते, म्हणून त्याला गोठण्याच्या तापमानापर्यंत बऱ्यापैकी लवकर न्यावे लागते.

पहिल्या हातानंतर स्टेटर पुन्हा ५०-६० अंशांपर्यंत निववावा आणि दुसऱ्या वेळी उलटा धरून, म्हणजे आधी वर असलेले टोक खाली करून बुडवावा. पहिल्या वेळी वॉर्निश खालच्या टोकाकडे निथळून जमलेले असते आणि वरचे टोक तुलनेने कोरडे राहिलेले असते. उलटा केल्याने ही तूट भरून निघते. दुसऱ्या हाताला बुडबुडे थोडेच यायला हवेत. भरपूर आले तर पहिल्या हातात वॉर्निश आत नीट गेलेच नव्हते असे समजावे, आणि तिसऱ्या हाताचा विचार करावा. वेग बदलणाऱ्या इन्व्हर्टरवर (ड्राइव्हवर) चालणाऱ्या मोटरींसाठी मी दोन हातांपेक्षा कमी कधीच सुचवणार नाही. इन्व्हर्टरमधून येणारे उंच आणि तीव्र व्होल्टेजचे ठोके पहिल्या काही फेऱ्यांवर एकवटतात, आणि त्या तारांमधील हवेच्या पोकळीत सूक्ष्म विसर्ग सुरू होऊन एनॅमल आतून कुरतडले जाते. पोकळी राहिली नाही, तर विसर्गाला जागाच राहत नाही.

आर्मेचर (ब्रशच्या मोटरचा तारांनी भरलेला, फिरणारा भाग) आणि गुंडाळलेला रोटर यांना आणखी काळजी लागते. आर्मेचर बुडवताना कम्युटेटर, म्हणजे ज्यावर ब्रश टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, वरच्या बाजूला ठेवावा आणि वॉर्निश कम्युटेटरच्या अलीकडेच थांबवावे. शाफ्टवर बेअरिंग बसण्याच्या जागा झाकून घ्याव्यात. निथळताना आणि भाजताना ते शक्य तर सावकाश फिरते ठेवावे. एकाच बाजूला निजवून ठेवल्यास वॉर्निश खालच्या बाजूला साचते आणि फिरताना आर्मेचर थरथरते. बॅलन्सिंग नेहमी वॉर्निशनंतरच करावे.

धूर, आग आणि हात

द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत वाहत जाते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. झायलीनचा फ्लॅश पॉइंट २७ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे साध्या उन्हाळी दिवसातही त्याची पेट घेण्याजोगी वाफ तयार होते. त्यामुळे वायुवीजन जमिनीलगतही हवे. भाजण्याच्या ओव्हनला बाहेर हवा फेकणारा पंखा असलाच पाहिजे, आणि तो बंद असेल तर ओव्हन तापणार नाही अशी जोडणी असावी. घरगुती, बंद ओव्हन या कामाला कधीही वापरू नये. कोंडलेल्या वाफेला ओव्हनच्या तापलेल्या हीटरची गाठ पडली की स्फोट होतो. धुळीचा साधा मास्क वाफेला अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क आणि त्या द्रावकाला टिकणारे हातमोजे वापरावेत.

दोन धोके सहसा माहीत नसतात. सुकणाऱ्या तेलावर आधारलेल्या अल्किड वॉर्निशमध्ये भिजलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकली, तर ती हवेतला ऑक्सिजन घेताना आपोआप तापतात आणि कुणी नसताना पेटतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या लोखंडी डब्यात टाकावीत. दुसरा धोका काही पॉलिस्टर रेझिनसोबत येणाऱ्या दोन बाटल्यांचा, एक पेरॉक्साइडची आणि एक कोबाल्टच्या प्रवेगकाची. या दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, तो मिश्रणाचा स्फोटच ठरतो. आधी एक रेझिनमध्ये नीट ढवळून मगच दुसरी घालावी.

ओव्हन किंवा टाकी नसेल तर

टाकीपेक्षा मोठ्या स्टेटरवर वॉर्निश ओतूनही काम होते. तो कोमट अवस्थेत उभा ठेवावा, खाली परात ठेवावी आणि वरच्या कॉइलच्या टोकांवर पातळ धार फिरवत ओतत राहावे, जोवर खालच्या टोकातून प्रत्येक स्लॉटमधून वॉर्निश झिरपताना दिसत नाही. मग उलटा करून तेच पुन्हा करावे. ब्रशने लावणे हा शेवटचा उपाय आहे आणि तो लहान दुरुस्तीपुरताच ठेवावा.

ओव्हन नसेल तेव्हा वाइंडिंगमधून कमी व्होल्टेजचा प्रवाह सोडून आतूनच तापवता येते. ही पद्धत वाळवण्यासाठी खरे तर फार चांगली आहे, कारण उष्णता आतून बाहेर जाते आणि ओलावाही त्याच दिशेने ढकलला जातो. प्रवाह पाटीवरच्या आकड्याच्या बराच खाली ठेवावा, रोधावरून तापमान दर पंधरा मिनिटांनी काढावे आणि मोटरजवळून हलू नये. ओले वॉर्निश भाजताना मात्र उघडी जोडणी आणि द्रावकाची वाफ एकत्र येऊ देऊ नये. नुसते बल्ब लावून मोठा स्टेटर नीट भाजला जात नाही, एक बाजू तापते आणि दुसरी कोमटच राहते.

कारखान्यांत याच्या पुढच्या दोन पद्धती आहेत. निर्वात-दाब पद्धतीत स्टेटर बंद टाकीत ठेवून आधी हवा खेचून घेतात, निर्वातातच रेझिन आत सोडतात आणि मग कोरड्या हवेचा किंवा नायट्रोजनचा दाब देऊन ते फटींत ढकलतात. थेंबपद्धतीत तापवलेला स्टेटर किंवा आर्मेचर हळू फिरत असतो आणि कॉइलच्या टोकांवर रेझिनची बारीक धार पडत राहते. ते आत ओढले जाते आणि काही मिनिटांतच गोठते. दोन्हींत पोकळ्या फार कमी राहतात.

झाले की नाही हे कसे ओळखावे

स्टेटर पूर्ण निवल्यावरच परीक्षा घ्यावी, कारण गरम असताना चांगले भाजलेले वॉर्निशही नखाला मऊ लागते. थंड झाल्यावर नख रोवले जात असेल किंवा बोट चिकटत असेल, तर भाजणी अपुरी आहे; तो स्टेटर पुन्हा ओव्हनमध्ये ठेवावा. नुसते हवेत ठेवून ते पुढे वाळेल अशी आशा धरू नये. कॉइलच्या टोकांवर लाकडी दांड्याने हलकेच ठोकावे. चांगल्या भरलेल्या वाइंडिंगचा आवाज एकसंध, बसका येतो. सुट्या तारा खडखडतात. दोन कॉइलमधील कागदाचे टोक आणि स्लॉटमधून डोकावणारी वेज (स्लॉटचे तोंड बंद करणारी पट्टी) हाताने हलवून पाहावी. ती हलता कामा नयेत. रंग काळपट आणि ठिसूळ झाला असेल तर जास्त भाजले गेले आहे, आणि असे वॉर्निश कंपनाने तडकते.

मग ५०० व्होल्टच्या मेगरने एक मिनिट वाचन घ्यावे. १,००० व्होल्टच्या आतील, गोल तारेच्या वाइंडिंगसाठी ४० अंशांना निदान ५ मेगओहम ही चालवण्याची किमान मर्यादा सर्वत्र धरली जाते, पण नव्याने वॉर्निश दिलेल्या वाइंडिंगचे वाचन शेकडो मेगओहमच्या पुढे असायला हवे. १० मेगओहम दाखवणारे नवे काम मी हातावेगळे करणार नाही. वाचनाबरोबर तापमान लिहायला विसरू नये, कारण तापमान १० अंशांनी वाढले की इन्सुलेशनचा रोध साधारण निम्मा होतो. म्हणजे ४० अंशांना १०० मेगओहम असलेले वाइंडिंग ९० अंशांना ३ मेगओहमच्या आसपास दिसेल, आणि त्यात काहीही बिघडलेले नसेल. चाचणीनंतर लीड काही मिनिटे कोअरशी जोडून ठेवाव्यात, साठलेला प्रभार निघून जातो.

फेजचे रोध पुन्हा मोजून आधीच्या नोंदीशी ताडावेत. झाकलेल्या कडा, आट्या आणि लगवरचा टेप काढावा आणि आतला गोल पृष्ठभाग हाताने चाचपावा. मग रोटर आत घालून तो हाताने पूर्ण फेरी मोकळा फिरतो का पाहावे. कुठे अडत असेल तर मोटर सुरू करून वॉर्निश आपोआप घासून जाईल अशी वाट न पाहता, रोटर बाहेर काढून तो ओघळ त्याच जागी धारदार पात्याने अलगद काढावा, स्लॉटच्या तोंडाचे कागद शाबूत आहेत का ते पाहावे, आणि पुन्हा एकदा मेगर लावावा.